त्या देशापुरतं

आदेश क्रमांक दोन हजार तीनशे सतरा.
खाली शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीचं शेपूट लांबत जाऊन
थेट माझ्या गावाच्या नावावर आलेलं.

मुदत चार तास.
डब्लिनमध्ये पहाटेचे पावणेतीन,
कालव्यावर दोन हंस पंखांत माना खुपसून निजलेले
आणि तिसऱ्या मजल्यावर मी,
तुर्की वाचता येतं म्हणून नेमलेली.

कारण : सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधा.
बाधा एक्केचाळीस सेकंदांची आहे.
मी ती पाहते. पाहणं हेच माझं काम.

एक मुलगा, दहा-अकराचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
नदीत हात बुडवतो
आणि कॅमेऱ्यासमोर धरतो.
हात मनगटापर्यंत नारिंगी.
मागे खाणीचा बांध, बांधावर कुणीच नाही.
मग चित्राबाहेरून कुणा बाईचा आवाज :
"मेते, बाहेर ये. बाहेर ये म्हणते ना!"
ते 'म्हणते ना' आमच्याकडेच असं ओढतात,
शेवटचा स्वर विहिरीत सोडल्यासारखा.
तिथे संपतं.

शेजारचा कोल्म चहात दूध ओतता ओतता विचारतो,
अडचणीचं आहे का काही?
म्हणजे रक्त, शिवी, नागडेपणा.
नाही, मी म्हणते, नदी आहे.
"मग सोपं आहे."

सोपंच असतं.
तीन पर्याय, तीन रिकाम्या टिकल्या :
सगळीकडून काढा.
त्या देशापुरतं झाका.
आणखी माहिती मागवा.
तिसरा मी या महिन्यात चारदा निवडला,
तेव्हा सुपरवायझर बाईंनी हसत हसत विचारलं होतं,
तुला माहितीची एवढी भूक कशी?

मी दुसरा निवडला.
वकील लोक त्याला मधला मार्ग म्हणतात.
बर्लिनमध्ये दिसेल, लिमामध्ये दिसेल,
ज्याला काराजेविझ नकाशावर सापडणार नाही
त्यालासुद्धा अगदी स्वच्छ दिसेल.
फक्त काराजेविझमध्ये
एक करडा चौकोन, आणि खाली एक सभ्य वाक्य,
जे घडवायला गेल्या वर्षी मीच हातभार लावला होता.
'दिलगीर आहोत' की 'क्षमस्व',
यावर दोन दिवस बैठक चालली होती आमची.

सकाळी आईचा फोन.
तिला माझं काम नीट ठाऊक नाही;
शेजारणींना सांगते, लेक कॉम्प्युटरमध्ये आहे.
"ते मेतेचं काहीतरी होतं म्हणे, सगळे बघत होते,
मी चष्मा शोधेपर्यंत गेलं.
तुझ्याकडे दिसतं का गं?"

दिसतं, मी म्हणाले.

"मग सांग."

आणि मी सांगितलं, सेकंदामागून सेकंद.
दुमडलेली विजार. बांध. हात.
रंगापाशी अडले,
तर तीच म्हणाली, वाळत घातलेल्या जर्दाळूसारखा, ना?
म्हटलं, तुला कसं कळलं?
"अगं, नदी माझ्या खिडकीखालीच आहे.
मला ती रोज दिसते.
मला एवढंच बघायचं होतं
की दुसऱ्या कुणाला दिसते का."

मी गप्प.
ती मात्र बोलत राहिली, दुधाचे भाव, दुखरा पाय,
आणि मग मध्येच :
"पोरानं नंतर हात धुतला का गं?"

एक्केचाळीस सेकंदांत तेवढं नाही, आई.

"आणि धुणार तरी कशानं," ती म्हणाली.
मग तिकडे नळ सोडल्याचा आवाज आला,
आणि लगेच बंद केल्याचा.